तुझ्या स्वयंपाकघरातल्या सीनबद्दल

प्रिय मित्रा,

शॉर्टफिल्म हेडफोन लावून पाहिली. स्वयंपाकघरात आवाज फार घुमतोय, तर कोणता प्लगइन (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज सुधारायला जोडतात तो छोटा प्रोग्राम) वापरू, असं विचारलंयस. प्लगइनने थोडं कमी होईल, पण जास्त ओढलंस तर आईचं बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटेल. खरा इलाज शूटिंगच्या दिवशीच होता: बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, आणखी दोन फूट खाली.

माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. खोलीचं घुमणं मात्र जवळपास तेवढंच राहतं. मग तू गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, वाढवतोस आणि दोन्ही मिळून वर येतात. म्हणून दर शॉटआधी कॅमेरामनला फ्रेमची वरची कड कुठे आहे ते विचार आणि बूम तिला लागूनच धर. एखाद्या टेकला बूम फ्रेममध्ये शिरला आणि ओरडा बसला, तर बसू दे. फरशीच्या छोट्या खोलीत लांब नळीसारखा शॉटगन माइक टाळ, त्याऐवजी हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा आखूड माइक, माग. खाली सतरंजी, कॅमेऱ्यामागे रजया टांग. दिसायला गबाळं दिसतं, पण काम होतं.

लेपलवर, म्हणजे कपड्याला लावायच्या छोट्या माइकवर, फार विसंबू नकोस. तुझ्या नटीची साडी रेशमी आहे, पदर हलला की खसखस येते आणि मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर आपटतात. ती खसखस शब्दांवरच आली की काढता येत नाही. वेशभूषेच्या ताईंशी आदल्या दिवशीच बोलून घ्यायचं.

रेकीला, म्हणजे जागा आधी बघायला, शूटिंगच्या वाराला आणि वेळेलाच जा. भारताच्या पहिल्या बोलपटाचं, १९३१ सालच्या ‘आलम आरा’चं, बरंचसं शूटिंग मुंबईत रात्री झालं, कारण स्टुडिओशेजारून रेल्वे जायची. आज तुझ्याकडे ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर आहे, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच वेळी पकडणारा. त्याने आवाज फाटण्यापासून वाचशील, शेजारच्या बोअरवेलच्या मोटारीपासून नाही. घरघर नको म्हणून फ्रिज बंद करशील तेव्हा गाडीची चावी आत ठेव, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घरी जाणार नाहीस. घरमालक पुन्हा जागा देतात ते अशाने.

सीन संपला की सगळ्यांना जागच्या जागी थांबवून अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, घे. असिस्टंट कुरकुरतील, कारण पुढचा सेटअप लावायचा असतो. पण संवादांमधल्या फटी बुजवायला एडिटला तोच लागतो, आणि तुझ्या फिल्ममध्ये त्या फटी ऐकू येतात.

मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायला, बसताना संगीत म्यूट करून फक्त संवाद लाव. तेवढ्यावर सीन उभा राहत नसेल तर व्हायोलिन घालून राहणार नाही. यूट्यूब फार मोठा मिक्स साधारण उणे १४ लफ्सपर्यंत (LUFS, कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) खाली आणतं, तेव्हा उगाच लिमिटर ठोकून, म्हणजे वरची टोकं दाबून आवाज मोठा करून, उपयोग नाही. एकदा मोबाइलच्या स्पीकरवरही ऐक, बरेच जण तिथेच बघणार आहेत.

आता या सीनचं. नटी पुण्यातच असेल तर तिला पुन्हा त्याच स्वयंपाकघरात ने. कॅमेरा नको, तोच बूम तोंडापासून हातभर अंतरावर, आणि एकेक वाक्य मूळ टेक ऐकवून तीन-चार वेळा म्हणून घे. डबिंग स्टुडिओपेक्षा हे चित्राशी लवकर जुळेल. झालं की कच्चे ट्रॅक पाठव, नॉइज रिडक्शन, म्हणजे नको तो आवाज कमी करणारं साधन, न लावता.

तुझा,
दादा