चिडवतात म्हणून शाळा बदलावी का?

"वर्गात मुलं चिडवतात. शाळा बदलू का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे सहावी ते नववीतल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न सतत विचारतात. बहुतेकदा घरात दोन तट पडलेले असतात. वडील म्हणतात, "दोन ठेवून दे." आई म्हणते, "लक्षच देऊ नकोस." अशाच एका मुलाबद्दल लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो आठवीत होता. बोलताना अडखळायचा. हजेरीच्या वेळी "हजर" म्हणताना पहिलंच अक्षर अडकलं, की मागच्या बाकांवरून "ह-ह-ह" सुरू व्हायचं. कुणीतरी त्याचा आवाज रेकॉर्ड करून मुलांच्या ग्रुपवर टाकला. मग रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. तपासण्यांत काही निघालं नाही, पण दुखणं खरं होतं. याला नाटक म्हणू नका, कृपा करून.

अडखळणं भित्रेपणामुळे किंवा आईवडिलांच्या वागण्यामुळे येत नाही. साधारण शंभर माणसांत एक जण असा बोलतो, त्यात मुलगे जास्त. "सावकाश बोल, श्वास घे" असं उठताबसता सांगितलं, की घरातही आपलं बोलणं तपासलं जातंय एवढंच मुलाला कळतं. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यावं. वाचा-उपचार सुरू झाले, पण छळ थांबवण्याची जबाबदारी त्याच्या जिभेवर टाकणं मला मान्य नव्हतं.

हा छळच होता. शाळांमधल्या छळाचा पहिला मोठा अभ्यास करणारे डॅन ओल्वेयस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम दुखावणं, पुन्हा पुन्हा दुखावणं आणि समोरच्याला प्रतिकार अवघड जाईल इतका ताकदीतला फरक. अशा वेळी "दोन ठेवून दे" म्हणजे एकट्याने पाचांशी भिडायचं. आणि "लक्ष देऊ नकोस" हे एखाद्या टोमण्यापुरतं ठीक, रोजच्या छळात मुलाला त्यातून ऐकू येतं, "तुझं तू बघ."

बऱ्याच भेटींनंतर त्याने मनात दडवलेली गोष्ट सांगितली. त्या टोळक्याने आपल्यात घेण्यासाठी अट घातली होती: वर्गातल्या एका जाड मुलाच्या वहीवर घाणेरडं लिहायचं. याने लिहिलं. "त्या दिवशी मला कोणी हसलं नाही," म्हणाला आणि रडायला लागला. मी ओरडले नाही. "पुढे काय झालं?" एवढंच विचारलं. दोन दिवसांत पुन्हा "ह-ह-ह" सुरू झालं होतं. त्या मुलाची माफी मागायचं त्याने स्वतःच ठरवलं. तो मुलगा अजूनही त्याच्याशी फारसं बोलत नाही. तो त्याचा हक्क आहे.

१९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही बरेच जण त्यांच्यामागे जात. पण एक जरी जण बरोबर उत्तर देणारा असला, तर मागे जाणारे खूप कमी होत. म्हणून मी मुलांना "खूप मित्र कर" असं सांगत नाही. "न हसणारं कोण आहे?" असं विचारते. याच्या वर्गात एक मुलगी होती. तो तिच्या शेजारच्या बाकावर बसू लागला, मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर राहू लागला.

शाळेत जाताना आईवडिलांनी तारीख, जागा, कोण हजर होतं हे लिहून नेलं, ग्रुपवरचे स्क्रीनशॉटही. वर्गशिक्षिकेला एक विनंती केली: त्याला आणि चिडवणाऱ्यांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका. असल्या समेटाचा वचपा नंतर जिन्यात काढला जातो. शिक्षिकेने त्या मुलांशी वेगवेगळं बोलून घेतलं, सुट्टीत जिन्यापाशी लक्ष ठेवलं आणि हजेरीला सगळ्यांनीच हात वर करायचा असं ठरवलं. छळ बराच कमी झाला, पुरता थांबला नाही. शाळा बदलली नाही. शाळा हलतच नसेल किंवा मारहाण होत असेल, तर जरूर बदलावी. मूल स्वतःला इजा करत असेल, "जगावंसं वाटत नाही" म्हणत असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

तो आता नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत भाग घेऊन सगळ्यांची तोंडं बंद कर, असा वडिलांचा आग्रह होता. त्याने माझ्यासमोरच त्यांना नाही म्हणून सांगितलं. वाक्य दोनदा अडकलं, पण त्याने ते पुरं केलं.