अलर्ट जिल्ह्याचा, पाऊस आपल्या खळ्यातला

प्रश्न: आमची वाडी खाडीकाठी आहे. रेड अलर्ट येतो आणि दिवसभर नुसती भुरभुर. ऑरेंज असताना मात्र पाणी पडवीला लागलं. विश्वास कशावर ठेवायचा? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर: अलर्ट अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, आणि आपला रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. ऑरेंज म्हणजे सज्ज राहा, रेड म्हणजे हालचाल करा. तुमच्या वाडीत नेमका किती पडला, ते मात्र तुम्हीच मोजायला हवं.

सरळ अंगाची दोन लिटरची बाटली घ्या. कमरेत चेपलेली चालत नाही, आकडा चुकतो. खांद्याखाली कापा आणि वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवा. बुडाला खळगे असतात, म्हणून तळाशी खडे टाका, ते बुडून वर सरळ भाग लागेपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची रेघ मारा. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली वाऱ्याने लवंडते. विटांमध्ये घट्ट बसवा. जागा खळ्याच्या मोकळ्या भागात, माडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब. पागोळीजवळ ठेवलीत तर छपराचाच पाऊस मोजाल. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहून पाणी पुन्हा शून्यावर आणा. मुसळधार असेल तेव्हा दर तीन तासांनी, नाहीतर बाटली भरून वाहते आणि नेमका मोठा आकडाच हातचा जातो.

खाडीला येणारं पाणी वरच्या गावांत पडलेलं असतं. तिथल्या सोयऱ्यांनाही बाटली लावायला सांगा. ग्रुपवर ‘इकडे लय पाऊस’ असं नको. ‘साडेअकरा, तीन तासांत ७० मिमी’ असं यावं. एवढ्यावर खालच्या वाडीला भातगोणी माळ्यावर चढवता येतात, गुरं सोडता येतात.

आता भरती. जुना हिशेब तुमच्याकडे कुणालाही पाठ असेल: तिथीची पाऊणपट. पंचमीला पाचाचे पाऊणपट म्हणजे पावणेचार, त्या सुमाराला भरती पुरी. दुसरी साधारण साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत जावं तशी भरती आणखी उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती. उधाणाची भरती चढत असताना नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे तुंबतं. चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला २२ जुलै २०२१ ला. गुरुपौर्णिमा २४ ला होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. म्हणून कॅलेंडरवर जून ते सप्टेंबरच्या उधाणाच्या तारखा आत्ताच लाल करा. त्या दिवसांत ऑरेंजही रेडसारखाच धरा.

प्रश्न: घरामागच्या डोंगरउतारावर भेग दिसते. केव्हा घर सोडायचं? (एक वाचक, महाड तालुका)

उत्तर: भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोका, डोक्यावर खिळा मारा आणि खिळ्यापासून खिळ्यापर्यंत अंतर टेपने सकाळ-संध्याकाळ लिहा. पाऊस चालू असताना ते वाढू लागलं, तर आणखी आकड्याची वाट बघू नका. भेग चिकणमातीने बुजवून वर प्लास्टिक घाला, कारण आत मुरणारं पाणीच माती जड आणि निसरडी करतं. पण बुजवली म्हणजे धोका टळला असं नाही. झाडं, खांब कलणं, गडग्याला (दगडी कुंपणाला) पोट येणं, दार अचानक अडकू लागणं, नवा झरा फुटून गढूळ पाणी येणं, यांतलं काहीही दिसलं तरी निघा. पऱ्या (ओढा) भर पावसात एकाएकी आटला तर वर दरडीने तो अडवलाय असं समजा. तुंबलेलं पाणी एकदम सुटतं.

निघताना पऱ्याच्या कडेने खाली उतरू नका, आडवं चालत उताराबाहेर पडा. आणि हे उजेडात करा. संध्याकाळी शंका आली तर रात्र शाळेत किंवा पाहुण्यांकडे काढा, तलाठ्याला कळवा किंवा १०७७ वर फोन करा.