2020 साली सामाजिक न्यायाचा विषय ऑनलाइन शिकवताना शिक्षकांनी काय बदल केले? 'एक पाऊल पुढे'सारखी कृतिसत्रे पडद्यावर कशी घ्यावीत?

ऑनलाइन शिकवण्याच्या साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मतचाचणी, छोटे गट आणि सामाईक फलक आता सर्वांच्या परिचयाचे आहेत. कृतिसत्राबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. 'एक पाऊल पुढे' हे सत्र ऑनलाइन घेऊ नये, आणि प्रत्यक्ष वर्गातही ते घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. 'लहानपणी घरात पुस्तके होती', 'शुल्कासाठी कधी थांबावे लागले नाही' अशी विधाने वाचली जातात, ज्यांना ती लागू होतात ते पुढे सरकतात, आणि शेवटी कोण कुठे उभे आहे हे सर्वांनी पाहायचे असते. पुढे पोहोचलेल्यांचे डोळे कदाचित उघडत असतील, परंतु मागे राहिलेल्यांना आपण मागे आहोत हे आधीपासूनच ठाऊक असते. त्यांना वाट्याला येते ते केवळ इतरांच्या अभ्यासाचे साहित्य होणे. दहाही बोटे कॅमेऱ्यासमोर धरून एकेक मिटत जाण्याची याची ऑनलाइन आवृत्ती तर अधिकच वाईट, कारण तिथे मान वळवायलाही जागा नसते आणि रेकॉर्डिंग चालू असले तर ते कुणाकडे जाईल याचा नेम नसतो.

हे मी इतक्या कडवटपणे लिहिते त्याला कारण आहे. त्या वर्षी मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांबरोबर पदवीच्या विद्यार्थ्यांना विषमतेवरील अभ्यासक्रम शिकवत होते. वर्ग ऑनलाइन झाल्यावर त्यांनी नियम केला की कॅमेरा सुरू नसेल तर हजेरी लागणार नाही. चेहरे दिसल्याशिवाय संवाद होत नाही आणि नियम सर्वांना सारखाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मी पहिल्याच दिवशी विरोध नोंदवला आणि तो अर्थातच फेटाळला गेला. पुढे निवाऱ्याच्या विषमतेवरील तासाला एका विद्यार्थिनीने कॅमेरा छताकडे वळवून ठेवला होता. सरांनी सर्वांसमक्ष तिला तो नीट करायला सांगितले, तिने तो केला, आणि तिच्या मागे त्याच खोलीत आपापले तास ऐकत बसलेली भावंडे व कामात असलेली आई असे सगळे घर पडद्यावर आले. कुणीतरी चॅटमध्ये लिहिले की आजच्या विषयाचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. लिहिणाऱ्याच्या मनात सहानुभूतीच होती, यात मला शंका नाही. ती विद्यार्थिनी त्यानंतर आमच्या तासाला आली नाही; तिने पुढचे सगळे काम माझ्याकडे लेखी पाठवले, आणि ते उत्तम होते.

त्या संध्याकाळी यावरून आमचा वाद झाला. त्यात सरांनी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या संवादवादी शिक्षणाचा, म्हणजे शिक्षक व विद्यार्थ्यांनी संवादातून एकत्र शिकण्याच्या विचाराचा, आधार घेतला, म्हणून त्याचेही उत्तर देते. फ्रेरी यांनी 1963 साली ब्राझीलमधील अंगिकोस येथे साक्षरतेचे जे वर्ग चालवले, त्यांत शब्द लोकांच्या जगण्यातून निवडलेले होते हे खरे. परंतु त्यांच्या पद्धतीत चर्चेला सुरुवात व्हायची ती काढलेल्या चित्रापासून. चित्रातल्या शेतमजुराबद्दल बोलता बोलता माणूस हवे तेव्हा आणि हवे तेवढेच स्वतःबद्दल बोलू शकतो, समोर बसलेल्या कुणाचे घर त्यासाठी उघडे पाडावे लागत नाही. ही पद्धत पडद्यावर तर फारच सोपी आहे, कारण एक चित्र सर्वांना एकाच वेळी दाखवता येते. आपल्या प्रश्नाचे माझ्याकडे खरे उत्तर असेल तर ते हेच.

सारख्या नियमाच्या युक्तिवादाबद्दलही थोडे. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 3 ते 17 वयोगटातील दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे 130 कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते. जे तासाला पोहोचलेच नाहीत त्यांची ही संख्या, आणि आम्ही पोहोचलेल्यांच्या चेहऱ्यांची पडताळणी करत होतो. कॅमेरा बंद ठेवणारे आळशी असतात, हे मत तर 2021 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासाने मोडीत काढले: तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या दिसण्याबद्दलचा संकोच आणि मागे दिसणारी माणसे किंवा जागा ही महत्त्वाची कारणे म्हणून सांगितली होती. सरांना मी तो लेख पाठवला. पोच आली, उत्तर आले नाही.

माझ्या तासांपुरते मी कॅमेरा ऐच्छिक केला, रेकॉर्डिंग थांबवले, आणि चर्चा काही दिवस लेखी चालू ठेवून त्यातील एक नोंद हीच हजेरी मानली. गट सत्रभर तेच ठेवले, कारण दर वेळी नव्या अनोळखी माणसांसमोर जात, वर्ण किंवा लिंगभाव यांबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. प्रत्यक्ष वर्गात कधी हात वर न करणारे काही विद्यार्थी लेखी चर्चेत सर्वांत नेमके लिहू लागले.

मात्र लेखी चर्चेत ज्यांची लेखी भाषा सफाईदार असते त्यांचेच वजन पडते, त्यामुळे बोलून पाठवलेली नोंदही स्वीकारायला हवी. निनावी लिहिण्याची मुभा दिल्यास आधी वाचून मगच मजकूर प्रसिद्ध करावा, अन्यथा ज्यांना संरक्षण द्यायचे त्यांच्यावरच शिव्यांचा मारा होतो. शिवाय माझे विद्यार्थी सज्ञान होते. लहान मुलांच्या वर्गात मूल सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यासाठी चेहरा दिसणे गरजेचे ठरू शकते, आणि तिथे सरांचा नियम मी इतक्या सहज मोडीत काढणार नाही. आमच्या अभ्यासक्रमासाठी मात्र तो चुकीचाच होता.