क्लिफ यंगची गोष्ट खरी आहे का? ५९ वर्षांचे वडील तिच्या भरवशावर हाफ मॅरेथॉन धावायचं म्हणतात, धावू द्यावं का?

गोष्ट खरी आहे. क्लिफ यंग हा ऑस्ट्रेलियातला शेतकरी ६१व्या वर्षी सिडनी ते मेलबर्न ही धावण्याची शर्यत जिंकला होता. शर्यत खरी, माणूस खरा, वय खरं आणि जिंकणंही खरं. पण तुमच्या वडिलांना जो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलाय, तो मलाही दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी पाठवतं आणि त्यातली एक ओळ मला दर वेळी खटकते. ‘रात्री झोपायचं असतं हे त्या म्हाताऱ्याला माहीतच नव्हतं, म्हणून तो जिंकला.’ ही ओळ खोटी आहे. तुम्ही लिहिलंय की वडिलांचं वय ५९, आजवर कधी शर्यत धावलेले नाहीत आणि ‘क्लिफ यंग ६१व्या वर्षी न शिकता जिंकला, मग मला काय झालंय’ म्हणत थेट २१ किलोमीटरला नाव द्यायला निघालेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी माण तालुक्यातला. शाळेत शिक्षक आहे, वय ५६. एक्कावन्नाव्या वर्षी धावायला लागलो. घर मूळचं मेंढपाळाचं. वडील शिकले आणि नोकरीला लागले, पण आजोबांनी शेवटपर्यंत मेंढरं राखली.

आता शर्यत. १९८३ साली ऑस्ट्रेलियात सिडनी ते मेलबर्न अशी ८७५ किलोमीटरची शर्यत पहिल्यांदाच ठेवली होती. सिडनीकडच्या वेस्टफील्ड मॉलपासून निघायचं आणि मेलबर्नकडच्या वेस्टफील्ड मॉलला पोचायचं. आपल्याकडचं मुंबई-नागपूर रेल्वेचं अंतरसुद्धा याहून कमी भरतं. धावणारे सगळे मुरलेले होते. त्यांच्यात हा क्लिफ यंग, व्हिक्टोरिया राज्यातल्या ऑटवे डोंगरातल्या बीच फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा बटाट्याचा शेतकरी. लग्न केलेलं नाही, आई आणि भावाबरोबर शेतावर राहणारा, दहा वर्षांपूर्वीच मांसाहार सोडलेला. अंगात डांगरी, पायात शेतातले बूट आणि तोंडात दात नाहीत, कारण पळताना कवळी खडखडते म्हणून काढून ठेवलेली. लोक हसले, यात काही नवल नाही.

त्याला पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की गमबूट घालून मेंढरांमागे दोन-दोन, तीन-तीन दिवस सलग पळालोय. त्याच्या लहानपणी घरी दोन हजार एकर रान आणि दोन हजारांच्या आसपास मेंढरं होती, आणि घोडा किंवा गाडी घेण्याची ऐपत नव्हती. वादळ यायचं दिसलं की मेंढरं गोळा करून आणायची ती पायीच.

मेसेजमध्ये हे वाक्य गमतीसारखं येतं. मला ते वाचून हसू आलं नाही, कारण मला आजोबा आठवले.

दिवाळी झाली की आजोबांचा वाडा, म्हणजे माणसं आणि मेंढरांचा फिरता तळ, कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचा. दिवसभर मेंढरांमागं चालायचं, संध्याकाळी कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, कोकरांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालायचं, दोन तास डोळा लागला न लागला की लांडग्याच्या धास्तीनं उठायचं. मी नऊ-दहा वर्षांचा असताना सुट्टीत आठ दिवस त्यांच्यासोबत गेलो होतो. दुपारपर्यंत मी उड्या मारत पुढं असायचो आणि तीन वाजले की रडकुंडीला यायचो. आजोबा सकाळी ज्या चालीनं निघायचे त्याच चालीनं सूर्य मावळताना चालत असायचे. त्यांचं पाऊल जमिनीपासून दोन बोटंसुद्धा उचललेलं मी कधी पाहिलं नाही. मेंढरामागचा माणूस पाय उचलत नाही, सरकवतो. हात झोके घेत नाहीत, एक काठीवर आणि दुसरा असाच खाली सोडलेला. वहाणेचा टाचेकडचा भाग झिजून पातळ पानासारखा झालेला असायचा, पुढचा भाग मात्र शाबूत.

पुढे कित्येक वर्षांनी क्लिफ यंगची धावतानाची जुनी चित्रफीत पाहिली तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. तीच चाल! गुडघे वर येत नाहीत, हात खाली लोंबतायत, डोकं वरखाली होत नाही. जगभरचे अल्ट्रा धावपटू, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब धावणारे, त्या चालीला आता ‘यंग शफल’ म्हणतात आणि काहींनी ती मुद्दाम शिकून घेतली. कारण साधं आहे. दर पावलाला शरीर वर उचलायचं आणि खाली आपटायचं यात ताकद जाते आणि गुडघ्यांना मार बसतो. शंभर मीटरला त्याचं काही वाटत नाही, शेकडो किलोमीटरला त्याच्यावरच सगळं ठरतं.

आता झोपेचं. पहिल्या दिवशी तो बहुतेकांच्या मागेच होता. रात्री इतर झोपले तसा तोही झोपला. पण त्याच्या मदतनिसाकडून घड्याळाचा गजर चुकीचा लागला आणि ठरल्यापेक्षा बराच आधी, भर अंधारात त्याला उठवलं गेलं. जाग आलीच आहे तर निघू, म्हणून तो निघाला. बाकीचे झोपेत असताना हा पुढे गेला, आणि मग शेवटपर्यंत पुढेच राहिला. म्हणजे पहिली रात्र चुकून घडली. पुढच्या रात्री मात्र त्याने समजून-उमजून कमी झोप घेतली. पुढे तो म्हणाला की धावताना मी मनात असं धरलं होतं की वादळ येतंय आणि मला मेंढरं गाठायचीत. ज्या माणसाने हे खरोखर कित्येकदा केलंय, त्यालाच असं मनात धरता येतं.

हिशेब मांडून बघा. ताशी आठ किलोमीटरने कुणी दिवसाला १८ तास धावला आणि सहा तास झोपला, तर दिवसाचे १४४ किलोमीटर होतात. दुसरा ताशी सातनेच सरकला, पण २२ तास सरकला, तर १५४ होतात. पाच दिवसांत पन्नास किलोमीटरचा फरक पडला! क्लिफने पूर्ण अंतर ५ दिवस १५ तास ४ मिनिटांत कापलं. झोप, जेवण, सगळं धरून ताशी साधारण साडेसहा किलोमीटर. तुमचे वडील घाईत बस पकडायला निघाले तर जवळपास याच वेगाने चालत असतील. वेग काही अचाट नव्हता. तो साडेपाच दिवस टिकला, हे अचाट होतं. त्या रस्त्यावरचा आधीचा विक्रम त्याने जवळजवळ दोन दिवसांनी मोडला आणि दुसऱ्या नंबरचा धावपटू त्याच्यानंतर दहा तासांनी आला. शर्यत पूर्ण केलेल्या सहाही जणांनी जुना विक्रम मोडला होता, हेही लक्षात घ्या. म्हणजे बाकीचे कच्चे नव्हते. बक्षीस दहा हजार डॉलरचं होतं. बक्षीस आहे हे मला माहीतच नव्हतं, बाकीच्यांनीही माझ्याइतकेच कष्ट केलेत, असं म्हणून त्याने ते पैसे त्यांच्यात वाटून टाकले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया सरकारने त्याला पदक देऊन गौरवलं.

पण मेसेजमध्ये जे नसतं, ते वडिलांना आवर्जून सांगा. क्लिफ यंग त्या दिवशी शेतातून उठून थेट शर्यतीला आला नव्हता. आदल्याच वर्षी, १९८२ साली, त्याने एक हजार मैलांचा जागतिक विक्रम मोडायचा प्रयत्न केला होता. त्यासाठी कित्येक महिने ऑटवेच्या डोंगरात सराव केला होता. कोलॅक नावाच्या गावातल्या चौकात तो फेऱ्या मारत धावला आणि निम्म्याच्या जरा पुढे, ८०५ किलोमीटरवर, त्याला थांबावं लागलं. तो आणि त्याच्यासोबतची माणसं अननुभवी होती, तयारी अपुरी होती. ज्याचा विक्रम मोडायचा होता, तो झिगी बाउअर १९८३च्या शर्यतीत त्याच्यासोबत धावत होता.

म्हणजे लोक ज्याला नवखा म्हणून हसत होते, त्याच्या पायाखालून वर्षभरापूर्वीच एकाच प्रयत्नात ८०५ किलोमीटर गेलेले होते. हरला होता, पण आपलं शरीर कुठवर जातं आणि कुठे मोडतं हे त्याला ठाऊक होतं. मला या माणसाबद्दल खरा आदर वाटतो तो इथे. साठीच्या माणसाने गावाच्या चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरायचं आणि वर्षाच्या आत पुन्हा उभं राहायचं, याला फार मोठं काळीज लागतं. ‘त्याला माहीतच नव्हतं’ म्हणणं म्हणजे त्याची चाळीस-पन्नास वर्षांची मेहनत पुसून टाकणं. शेतातले कष्ट आपल्याकडेही कुणी व्यायामात धरत नाही. बारामतीला २०१४ साली नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या लता करे यांच्याबद्दलही लोक ‘चमत्कार’ असंच म्हणतात. आयुष्यभर राबलेलं शरीर होतं ते.

तर तुमच्या वडिलांनी धावावं का? जरूर धावावं. ‘या वयात कुठे’ असं चुकूनही म्हणू नका. पण त्यांची नोकरी टेबलावरची होती असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे क्लिफच्या शिदोरीतलं त्यांच्याकडे काही नाही. ती शिदोरी आता बांधावी लागेल.

आधी डॉक्टर. बीपी, शुगर, ईसीजी, आणि डॉक्टर म्हणाले तर ट्रेडमिल टेस्ट. यात टाळाटाळ नको. सरावात किंवा शर्यतीत छातीत दडपण आलं, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. ‘आलोच आहे तर पूर्ण करू’ हा विचार तिथे करायचा नाही.

मग किमान सहा महिने. पहिला दीड महिना नुसतं भरभर चालणं. त्यानंतर एक मिनिट हळू धावणं आणि चार मिनिटं चालणं, आणि हे प्रमाण हळूहळू उलटवत न्यायचं. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. आठवड्यातून एकदा लांबचं अंतर, आणि तेही पंधरा दिवसांनी एखाद्या किलोमीटरनेच वाढवायचं. बूट अर्धा नंबर मोठे घ्यायचे, कारण लांब अंतरात पाय सुजतात आणि नखं काळी पडतात. हाफ मॅरेथॉनच्या आधी एखादी दहा किलोमीटरची शर्यत करू द्या. आणि पहिली हाफ मॅरेथॉन सपाट रस्त्यावरची निवडा, हे मी पोळलेला माणूस सांगतोय.

माझी पहिली हाफ मॅरेथॉन साताऱ्याची होती, यवतेश्वरच्या घाटातून वर कासच्या रस्त्याला जाणारी. ढोल वाजत होते, पोरं सुसाट निघाली आणि मीही त्यांच्यासोबत निघालो. घाट संपायच्या आत दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की कठड्यावर बसून राहिलो. एका स्वयंसेवक पोराने माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं, केळं सोलून दिलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘काका, आता फक्त चाला. चालत गेलं तरी पोचता येतं.’ मग मला आजोबांची चाल आठवली. पाय सरकवत निघालो, हात खाली सोडले आणि तीन तास दहा मिनिटांत पोचलो. तो पोरगा कोण, कुठला, काही माहीत नाही. तो नसता तर मी अ‍ॅम्ब्युलन्समधून खाली आलो असतो.

हे सांगायचं कारण म्हणजे क्लिफ यंगची उतारवयातली एक मोठी धाव. १९९७ साली, ७५ वर्षांचा असताना, तो बेघर मुलांसाठी पैसे उभे करायला अख्ख्या ऑस्ट्रेलियाला पायी फेरी मारायला निघाला. १६,००० किलोमीटरचा बेत होता. ६,५२० किलोमीटर झाल्यावर तो थांबला, कारण त्याच्यासोबत मदतीला असलेला एकुलता एक माणूस आजारी पडला.

म्हणून पहिल्या दिवशी वडिलांना एकट्याला पाठवू नका. पहाटे साडेपाचला तुम्हीही उठा, पाण्याची बाटली तुमच्या हातात असू द्या आणि त्यांच्या वेगाने चाला. काही अडलं तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.