शैली बदलतेय, मग यातलं माझं काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : बारा वर्षं जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली. पुढे किराणा घराण्याच्या आलापीनं, म्हणजे संथ स्वरविस्तारानं, ओढ लावली. शिवाय भावगीतं, अभंग आणि एका बँडबरोबर गाणं चालूच असतं. ऐकणारे म्हणतात, दर वर्षी वेगळीच वाटतेस. यातलं माझं काय, हे मलाच कळेनासं झालंय. (गायिका, नाशिक)

उत्तर : शैली बदलली म्हणून गाणं परकं होत नाही. किशोरी आमोणकरांना तालीम मिळाली ती आई मोगूबाई कुर्डीकरांची, म्हणजे थेट या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांच्या परंपरेतली. तरीही त्यांनी लय खाली आणली आणि आलाप तालाच्या घट्ट बांधणीतून मोकळा केला. घराण्याच्या अनेक चाहत्यांना ते रुचलं नाही. पण त्यांची तान ऐका, तालीम कुठली हे लपत नाही. एक गोष्ट हलवली, बाकीच्या जागेवर ठेवल्या. तुमची अडचण बहुधा इथेच आहे. सगळं एकदम हललंय.

जयपूरची आलापी मध्यलयीकडे झुकणाऱ्या त्रितालावर बेतलेली असते. मात्रा मिनिटाला पन्नास-साठच्या आसपास असली, तर आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, सोळा ते वीस सेकंदांत संपतं आणि आकारातलं वाक्य तेवढ्याच मापाचं घडतं. तेच वाक्य किराण्याच्या अतिविलंबित, म्हणजे फार संथ, एकतालात नेलं की आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं होतं आणि वाक्य मधेच संपतं. उरलेली जागा भरायला मुरक्या येतात आणि गाणं धड इकडचं ना तिकडचं होतं. दोष ना जयपूरचा, ना किराण्याचा. वाक्याचं माप आणि आवर्तनाचं माप जुळलेलं नाही, एवढंच.

म्हणून राग ओळखीचा, बंदिश पाठ असलेली ठेवा आणि बदला फक्त लय. मिनिटाला साठ मात्रांवरून पन्नासवर या आणि दोन आठवडे तिथेच राहा. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कितव्या मात्रेवर उचलायचा हे पक्कं करून ठेवा आणि ठेका मोजत बसू नका. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, न चुकता गाठता आली की चाळीसवर उतरा. सरगम या टप्प्यावर आणू नका.

तुमचं काय हे शोधायला मोजमापासाठी एक राग बांधून घ्या. अनवट नको, भूप चालेल. दर तीन महिन्यांनी तीच बंदिश, तीच पट्टी, फक्त तानपुरा आणि तबला, वीस मिनिटं ध्वनिमुद्रण करा. लगेच ऐकू नका, आठवड्याने ऐका. श्वास वाक्याच्या कोणत्या जागी तुटतो? समेवर थेट उतरता की किंचित मागून येता? षड्जावरून निघाल्यावर पहिली विश्रांती कुठे घेता? ‘अ’चा ‘ओ’ कुठे होतो? चार ध्वनिमुद्रणं झाली की काही गोष्टी दर वेळी तशाच सापडतील. त्या तुमच्या. त्यात खोडीही असतील, पण त्याही आधी ओळखाव्या लागतात.

भूप सुचवण्याला कारण आहे. गीतांची चाल पुष्कळदा पटकन उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात, चढते आणि धैवतावर (ध) रेंगाळायची सवय लागते. मग भूपातला गंधार (ग) मागे पडून राग देशकारकडे झुकतो, कारण दोन्हींचे स्वर तेच आहेत, जोर मात्र वेगळा. भावगीतांचा हंगाम संपल्यावर भूप गाऊन पाहा. कोणती सवय नकळत आत शिरली, ते धैवत सांगेल.

प्रश्न : बँडमध्ये की-बोर्डबरोबर गायल्यानं रियाजात सूर बोचरा लागतो. हा भास आहे का? (गायक, पुणे)

उत्तर : भास नाही. की-बोर्डवरचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वात खालच्या सुराच्या, तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो 386 सेंटच्या आसपास. चौदा सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा भाग. गाण्यात तो पटकन कळत नाही, पण महिनोन्‌महिने तोच ऐकला की कान वर सरकतो.

बँडच्या सरावानंतर त्याच दिवशी पंधरा मिनिटं खर्जाचा रियाज करा, शेवटी पाच मिनिटं फक्त गंधारावर थांबा. मोबाइलवरचा तानपुरा चालेल, पण छोट्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही आणि गंधार तर तिथूनच उमटतो. हेडफोन लावा. खरा तानपुरा असेल तर जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारा घोडीचा घासलेला पृष्ठभाग, तपासा. घोडीवरचा दोरा थोडा मागेपुढे करूनही तार झंकारत नसेल, तर जवारी कारागिराकडून काढून घ्या. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

पट्टीबद्दलही आग्रही राहा. बँडमध्ये पट्टी बहुतेक वेळा वाजवणाऱ्यांच्या सोयीनं ठरते. गाण्यातला सर्वात वरचा सूर हळू आवाजात लागतो का ते पाहा. फक्त जोर लावूनच लागत असेल, तर पट्टी अर्धा-एक सूर उतरवायला सांगा. ओढून गाताना प्रत्येकाचा आवाज सारखाच ऐकू येतो, तुमचा पोत तिथे पहिल्यांदा हरवतो.

प्रश्न : वय बावन्न. दमसास कमी झाला, लांब ताना येत नाहीत. छोट्या तुकड्यांत गाऊ लागलोय. ही तडजोड म्हणायची का? (गायक, कोल्हापूर)

उत्तर : कुमार गंधर्व 1948 साली माळव्यातल्या देवासला गेले ते क्षयानं ग्रासलेले असताना. गाणं बंद होतं, नंतरही श्वासाला मर्यादा राहिली. त्यांचे छोटे, धारदार स्वरसमूह त्या फुप्फुसांतूनच आले असं सरसकट म्हटलं जातं. ते अपुरं आहे. अंथरुणावरच्या काळात माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानात मुरली, त्यातल्या धुनांतून पुढे राग उभे राहिले आणि 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा ग्रंथ आला. श्वासानं चौकट घातली, आत काय भरायचं ते त्यांनी ठरवलं.

तुमच्यासाठी प्रश्न असा : तुकडा श्वास संपला म्हणून तुटतो, की वाक्य पूर्ण झालं म्हणून? श्वास संपून तुटलेला तुकडा मधल्याच सुरावर लोंबकळतो, वाक्य पूर्ण झालेला न्यासाच्या, म्हणजे विसाव्याच्या, सुरावर टेकतो. त्यामुळे लांब तान कापून तुकडे करू नका. दोन-तीन मात्रांचे तुकडे मुळातच तसे रचा, प्रत्येकाचा न्यास आधी ठरवा आणि दोन तुकड्यांमधली शांतता मात्रेत मोजा. तबलावादकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रिकामी जागा दिसली की तो ती भरेल. आवाज अचानक बसला असेल किंवा दोन-तीन आठवडे घोगरेपणा जात नसेल, तर मात्र ही शैलीची बाब नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : दुसऱ्या घराण्याचं काही घेतलं, तर गुरुजींना सांगावं का? (विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : सांगावं, आणि मैफलीआधी. जितेंद्र अभिषेकींनी अनेक गुरूंकडून विद्या घेतली आणि ती कधी लपवली नाही. ‘गुरुजी, हे असं गाऊन बघू का?’ एवढं विचारलं तरी पुरे. तालमीत मात्र गुरूंचंच गावं, निदान जोवर ती बंदिश त्यांच्या पद्धतीनं निर्दोष येत नाही तोवर. पत्रिकेत घराण्याचं नाव घालायचं असेल, तर गुरूंचं नाव लिहून पुढे ‘ख्याल व अभंग’ असा कार्यक्रमाचा स्पष्ट उल्लेख करा. बंदिश दुसऱ्या गुरूंकडून मिळाली असेल, तर गाण्याआधी त्यांचं नाव मंचावर घ्या.