‘टपरीवर ठेवा’ म्हणाले, तर काय करायचं?

प्रश्न : मुलाला इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचाय. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यासाठी अर्ज करून पाच आठवडे झाले. कागद सगळे पूर्ण आहेत. तरी दर वेळी ‘साहेबांची सही राहिलीय’ एवढंच ऐकायला मिळतं. परवा तिथला लिपिक बाहेर येऊन हळूच म्हणाला, “चार हजार समोरच्या चहाच्या टपरीवर ठेवा, दोन दिवसांत दाखला हातात.” मिस्टर म्हणतात, देऊन मोकळे होऊ. माझं मन धजत नाही. दिले तर आम्हीही दोषी ठरू का? आणि तक्रार केली तर दाखलाच अडकवतील का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. इथे लिहितेय ते तुमच्यासारख्याच रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्यांसाठी.

पैसे ठेवू नका. आधी तक्रार करा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणंही गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला कायदा सोडतो. आणि आधी कळवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे पैसे नेणाऱ्याला तर हे कलम लागूच होत नाही. तुमच्या मिस्टरांना नेमकं एवढंच वाचून दाखवा. ‘देऊन मोकळे’ होणारा माणूस मोकळा होत नाही, तो अडकतो.

१०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक. मुंबईत त्यांचं कार्यालय वरळीला आहे. फोनवर सुरुवात होते, पण सापळा लावायचा तर स्वतः जाऊन लेखी तक्रार द्यावी लागते. त्यानंतर लगेच नोटा घेऊन पाठवत नाहीत. आधी पडताळणी होते. तुमच्याजवळ रेकॉर्डर देतात, सोबत पंच म्हणजे तटस्थ साक्षीदार असतात आणि लिपिक खरंच पैसे मागतो का ते ऐकलं जातं.

या पडताळणीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळं तिच्यावर उभं असतं. नोकरीत असताना १९९६ साली मी स्वतः एका सापळ्यात पंच होते. नोटांचे नंबर लिहून घेतले, त्यांना अँथ्रासीन पावडर लावली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. नंतर अतिनील दिव्याखाली त्या माणसाची बोटं निळसर चमकली, शर्टाचा खिसाही चमकला. मला वाटलं, संपलं, आता काय उरलं? पण कोर्टात तो म्हणाला, नोटा माझ्या खिशात कोंबल्या. नुसती पावडर म्हणजे पुरावा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मागणी आणि स्वीकार, दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्येही हेच अधोरेखित केलं. मात्र तक्रारदार फिरला किंवा हयात नसला, तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असंही सांगितलं.

म्हणून ताई, त्याला बोलू द्या. तुम्ही आकडा सुचवू नका, ‘देते, पण काम करा’ असं आपणहून म्हणू नका. “माझ्या दाखल्याचं काय झालं?” एवढंच विचारा आणि गप्प राहा.

टपरीवाल्यामार्फत घेतले म्हणून तो सुटणार नाही. दुसऱ्याच्या हातून घेतलेली लाचही लाचच असते, आणि मध्यस्थालाही वेगळं कलम आहे. सापळ्यात गेलेली रक्कम तक्रारदाराला सरकारकडून परत मिळते.

आता दाखल्याची भीती. अर्जाची पोच तुमच्याकडे आहे ना? ती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते. मुदत उलटली तर त्याच खात्यातल्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करा. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. ‘सही राहिलीय’ हे लेखी कारण होऊ शकत नाही. सबळ कारणाशिवाय सेवा रखडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ही रक्कम मला फार तोकडी वाटते, पण अपिलाची नोटीस टेबलावर पडली की फाइल हलते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलंय. तक्रार आणि अपील, दोन्ही एकाच वेळी करता येतं. फक्त सापळा ठरला असेल तर अपील कधी करायचं, ते तपास अधिकाऱ्याला विचारून ठरवा, नाहीतर तो लिपिक सावध होईल.

एक कठीण गोष्ट लपवणार नाही. साक्षीला तुम्हाला कोर्टात जावं लागेल, आणि लगेच नाही. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आता लिहिलंय, पण मी त्याहून कितीतरी लांबलेले खटले पाहिलेत. तोपर्यंत तुमचा मुलगा बहुधा शेवटच्या वर्षाला असेल. तरीही मी तुम्हाला जा असंच सांगेन. कारण तुमच्या मागे रांगेत जी बाई उभी आहे, तिच्याकडे चार हजार नसतील.

प्रश्न : मी सरकारी कर्मचारी आहे. सापळ्यात पंच म्हणून पत्र आलंय. भीती वाटते.
– एक लिपिक, ठाणे

उत्तर : मलाही वाटली होती, दादा. पंच सरकारी नोकर घेतात ते मुद्दामच, ना तक्रारदाराचा ना आरोपीचा असा साक्षीदार हवा असतो. तुम्ही पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. आणि सही करण्याआधी पंचनामा शब्द न् शब्द वाचा, कितीही रात्र झाली तरी. माझ्या पंचनाम्यात सव्वाबाराच्या जागी सव्वादोन पडलं होतं. मी दुरुस्त करून घेतलं. चार वर्षांनी बचावाच्या वकिलांनी मला पहिला प्रश्न वेळेचाच विचारला.