वाचकांचे प्रश्न : ‘रेड यीस्ट राईस’च्या डबीत नेमकं काय असतं?

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून ‘रेड यीस्ट राईस’च्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. कोलेस्टेरॉल उतरतं म्हणे. हा आपला लाल तांदूळच ना? मग रोज उकड्या तांदळाची पेज घेतली तर तेच काम होणार नाही का? (कणकवली)

उत्तर : पेज खुशाल घ्या, पण या दोघांचं नातं फक्त रंगापुरतं आहे. कोकणातल्या लाल तांदळाचा रंग त्याच्या कोंड्यात असतो. गिरणीत जास्त पॉलिश केला की दाणा पांढराच निघतो. रेड यीस्ट राईस तयार होतो साध्या पांढऱ्या तांदळावर मोनॅस्कस पर्पुरियस नावाची बुरशी वाढवून. नावात यीस्ट असलं तरी ती यीस्ट नव्हे, बुरशीच. तिने दाणा आतपर्यंत खाल्लेला असतो, म्हणून मोडून पाहिला तरी मध्यभागी गडद लालच दिसतो. चीनमध्ये याला होंगच्यू म्हणतात. फूच्येन प्रांतात तांदळाच्या लाल दारूसाठी आणि आंबवलेल्या टोफूच्या रंगासाठी तो शतकानुशतकं वापरला जातो. जपानमध्ये त्याचं नाव बेनी-कोजी.

कोलेस्टेरॉल उतरवतो तो हा रंग नव्हे. बुरशी वाढताना मोनॅकोलिन-के नावाचं रसायन तयार करते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी 1979 मध्ये ते मोनॅस्कस जातीच्या बुरशीतून वेगळं केलं. त्याच सुमारास अमेरिकेत दुसऱ्या एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळालं आणि 1987 मध्ये तिथे औषध म्हणून मंजूर झालं. मोनॅकोलिन-के आणि लोव्हास्टॅटिन हा रेणू एकच. म्हणजे मुलाने पाठवलेली डबी ‘नैसर्गिक’ असेलही, पण तिच्यात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या गटातलं औषध आहे, आणि किती आहे ते बहुधा लिहिलेलं नाही.

प्रश्न : डबीवर ‘600 मिलिग्रॅम, रोज दोन’ असं लिहिलं आहे. हा डोस कमी की जास्त? (ठाणे)

उत्तर : 600 मिलिग्रॅम हे तांदळाच्या भुकटीचं वजन आहे. बघायचं असतं ते मोनॅकोलिन-के. भुकटीत ते 0.4 टक्के असेल तर एका कॅप्सूलमध्ये 2.4 आणि दोनांत 4.8 मिलिग्रॅम होतं. ते 3 टक्के असेल तर त्याच दोन कॅप्सूलमध्ये 36 मिलिग्रॅम! अमेरिकेतल्या डब्यांवर हा आकडा सहसा नसतो, आणि त्यामागे कायद्याची भानगड आहे. मोनॅकोलिन-के चांगल्या प्रमाणात असलेल्या उत्पादनाला तिथली औषध नियंत्रण संस्था ‘मंजुरी नसलेलं औषध’ ठरवते. त्यामुळे उत्पादक आकडाच गाळतात. 2017 मध्ये तिथल्या 28 ब्रँडची तपासणी प्रसिद्ध झाली. दोनांत मोनॅकोलिन-के सापडलंच नाही. उरलेल्यांत दर 1200 मिलिग्रॅम भुकटीमागे ते 0.09 पासून 5.48 मिलिग्रॅमपर्यंत होतं, म्हणजे साठपटीहून जास्त फरक. एक डबी संपून दुसऱ्या ब्रँडची आणली की डोस कुठल्या कुठे जाईल, हे यावरून समजा.

युरोपीय संघाने 2022 मध्ये मर्यादा घातली : दिवसाला 3 मिलिग्रॅमपेक्षा कमी. शिवाय गर्भवती, स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, 18 वर्षांखालची मुलं आणि सत्तरीपुढचे यांनी घेऊ नये, असं लेबलवर छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे हे पाहुणे औषध बहुतेक वेळा सत्तरीच्या आसपासच्यांच्याच हातात पडतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : मी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 10 घेतो. जोडीला हे घेतलं तर लवकर फरक पडेल का? (सोलापूर)

उत्तर : नको. तुमची गोळीही स्टॅटिनच, म्हणजे एकाच कामाची दोन औषधं होतील आणि त्रास वाढेल तो स्नायूंचा. मांड्या-पोटऱ्या दुखणं, जिना चढताना पायातला जोर गेल्यासारखं वाटणं ही सुरुवात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायू विरघळून मूत्रपिंडं अडचणीत आल्याची ती खूण असू शकते.

सोबतची औषधंही बघा. यकृतातलं जे एन्झाइम लोव्हास्टॅटिन मोडतं, त्याला क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरचं इट्राकोनॅझोल अडवतात. मग तेवढ्याच गोळीने रक्तातली पातळी कितीतरी वाढते. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जातं, आणि त्वचेच्या डॉक्टरांना ही कॅप्सूल सांगायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. ब्लडप्रेशरच्या डिल्टियाझेम, व्हेरापामिल यांच्याबाबतही तेच. ग्रेपफ्रूट टाळाच, पपनस त्याच कुळातलं, तेव्हा तेही रोज नको.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिनने पाय दुखतात म्हणून पर्याय शोधत असाल, तर डोस कमी करणं, स्टॅटिन बदलणं किंवा इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या प्रकारची गोळी हे मार्ग डॉक्टरांकडे आहेत. गोळी महाग पडते ही अडचण असेल, तर जनऔषधी केंद्रात विचारा. परदेशी डबीच्या किमतीत तिथे बरेच महिने निघतील.

प्रश्न : जपानमध्ये यानेच किडन्या गेल्या असं वाचलं. ‘सिट्रिनिन-फ्री’ लिहिलेली डबी घेतली तर भीती नाही ना? (पुणे)

उत्तर : या दोन वेगळ्या भानगडी आहेत. सिट्रिनिन हे मोनॅस्कसच्या काही वाणांतून निघणारं, मूत्रपिंडाला घातक विष. युरोपात या पदार्थांसाठी त्याची मर्यादा किलोला 2000 मायक्रोग्रॅम होती, ती 100 वर आणली गेली. जपानमध्ये मार्च 2024 मध्ये कोबायाशी फार्मास्युटिकलने बेनी-कोजीच्या गोळ्या बाजारातून परत घेतल्या, तेव्हा त्यांत सापडलं वेगळंच विष, प्युबेर्युलिक अ‍ॅसिड. ते कारखान्यात शिरलेल्या दुसऱ्याच, पेनिसिलियम जातीच्या बुरशीचं होतं. म्हणजे ‘सिट्रिनिन-फ्री’ हे एका विषाबद्दलचं वचन आहे, स्वच्छतेचं प्रमाणपत्र नव्हे. तरीही घ्यायचंच ठरवलं असेल, तर तुमच्या डबीवरच्या बॅच नंबरचाच प्रयोगशाळा-अहवाल मागा. त्यात मोनॅकोलिन-के आणि सिट्रिनिन दोन्ही आकड्यांत हवेत. नुसतं ‘पास’ लिहिलेलं असेल तर तो कागद बिनकामाचा. सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल, एसजीपीटी (यकृतासाठी), सीपीके (स्नायूंसाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासून घ्या. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : इडलीचं पीठ आंबवतो तसं हे घरी करता येईल का? (नाशिक)

उत्तर : लाल तांदूळ होईल, औषध होणार नाही. रीत ऐकायला सोपी आहे : तांदूळ भिजवून निथळायचा, दाणा मोकळा राहील असा वाफवायचा, कोमट झाला की विरजण लावायचं आणि रोज हलवत आठवडा-दोन आठवडे ऊबेत ठेवायचा. पाणी जास्त झालं की गोळे होतात आणि आंबूस वास येतो, कारण बुरशीच्या आधी जिवाणू बाजी मारतात. हिरवा-निळा ठिपका दिसला तर तो काढून उरलेलं वापरू नका, सगळंच फेका. पण खरी अडचण नीट जमलेल्या तांदळातच आहे. तिशीच्या वरच्या उष्णतेत रंग छान चढतो, तर मोनॅकोलिन-केला पंचविशीच्या आसपासचा थंडावा मानवतो. खाद्यरंगासाठी विकल्या जाणाऱ्या विरजणात ते मुळातच नगण्य असतं. सिट्रिनिन मात्र असू शकतं, आणि ते ना दिसतं, ना वासाने कळतं, ना शिजवून पुरतं जातं.

प्रश्न : या कॅप्सूल शाकाहारी असतात का? (सांगली)

उत्तर : आतली भुकटी शाकाहारी. टरफल जिलेटिनचं असेल तर ते प्राणिज. परदेशी डबीवर आपला हिरवा ठिपका नसतो, म्हणून घटकांच्या यादीत ‘हायप्रोमेलोज’ किंवा ‘व्हेजिटेबल कॅप्सूल’ हे शब्द शोधा.